दिल्ली लुटली ती चंगीजने नव्हे, तैमूरने

‘चंगीज खानाने दिल्ली लुटली’ हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. चंगीज दिल्लीला कधी आलाच नाही. दिल्ली लुटली तैमूरलंगाने, १३९८ च्या डिसेंबरात. तोवर चंगीजला मरून १७१ वर्षं झाली होती.

चंगीज सिंधूपर्यंत मात्र आला होता. १२२१ मध्ये मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्याचा सुलतान जलालुद्दीन याला त्याने नदीकाठी कोंडीत पकडलं, तर या गड्याने घोड्यासकट पाण्यात उडी टाकली. चंगीजने आपल्या माणसांना त्याचा पाठलाग करू दिला नाही. उलट, बापाला मुलगा असावा तर असा, असं तो म्हणाल्याचं इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो. पुढे दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याने जलालुद्दीनला आसरा दिला नाही आणि मंगोलांचं वादळ दिल्लीबाहेरूनच गेलं.

दुसरा घोळ ‘खान’ शब्दाचा. खान म्हणजे मुसलमान, असं आपण गृहीत धरतो. चंगीज हा मंगोल, मूळ नाव तेमुजिन, आकाशदेव तेंग्रीला मानणारा. १२०६ मध्ये टोळ्यांनी एकत्र येऊन त्याला चंगीज खान केलं. ‘खान’ ही त्या गवताळ मुलखातली पदवी. मुसलमान होता तो तैमूर, आणि तो कधीच खान झाला नाही!

त्याला होताच येत नव्हतं. चंगीजच्या रक्ताचा असेल त्यानेच खान व्हायचं, असा त्या मुलखात रिवाज पडला होता. तैमूर १३३६ मध्ये आजच्या उझबेकिस्तानातल्या शहरीसब्झजवळ जन्मला. त्याची बरलास टोळी मुळात मंगोल, पण तोवर तुर्की बोलू लागलेली, आणि चंगीजच्या वंशातली नव्हे. म्हणून दिल्लीपासून अंकारापर्यंत तलवार गाजवूनही हा ‘अमीर’च, म्हणजे सरदारच, राहिला. गादीवर चंगीजवंशातला नामधारी खान बसवायचा आणि कारभार आपण करायचा, ही त्याची तोड. शिवाय चंगीजवंशातली सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न करून तो ‘गुरकान’, म्हणजे जावई, म्हणवून घेऊ लागला. जगाला धडकी भरवणारा माणूस सासरच्या नावावर मिरवत होता!

दोघांच्या गोष्टीत ओत्रार हे एक गाव मात्र सामाईक आहे. १२१८ मध्ये तिथल्या सुभेदाराने चंगीजच्या काफिल्यातले व्यापारी मारले आणि ख्वारज्मवर संकट ओढवलं. त्याच ओत्रारला, चीनवर स्वारीला निघालेला तैमूर १४०५ मध्ये मेला.

चंगीजची कबर कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. तैमूरची समरकंदला, गूर-ए-अमीरमध्ये. १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी ती उघडली, तेव्हा सांगाड्याचा उजवा पाय अधू निघाला. ‘लंग’, म्हणजे लंगडा, ही नुसती शिवी नव्हती तर.

बाबर बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीजचा वंशज. घराणं स्वतःला म्हणवायचं गुरकानी. ‘मोगल’ हा ‘मंगोल’चाच फारसीतून आलेला अवतार, आणि बाबराला तर मोगल टोळ्यांचा तिटकारा होता, आत्मचरित्रात त्याने तो लपवलेला नाही. तरी त्याच्या वारसांना हेच नाव चिकटलं, आणि आपण आजही कुणी मनमानी करू लागला की विचारतो, ‘इथे काय मोगलाई लागून गेलीय?’