कच्ची वही, पक्की वही

सीमाभागात कविता लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा दोन वह्या असतात. एक पक्की: सुवाच्य अक्षर, पहिल्या पानावर श्री, शीर्षकाखाली रेघ. दुसरी कच्ची. पाहुण्यांपुढे पक्की येते. कच्ची ट्रंकेत पडते, नाहीतर रद्दीत जाते. कविता कशी घडते हे मात्र कच्च्या वहीतच दिसतं, आणि नेमकी तीच आपण टाकून देत आलो. ही सवय जुनी आहे.

वहीचा आपल्याकडचा जुना अवतार म्हणजे बाड. कीर्तनकार, भजनी मंडळी, शाहीर यांची पदं त्यात उतरवलेली असत. बाडात जायचं ते तयार झालेलं. खाडाखोडीला तिथे जागा नव्हती. त्यामागे श्रद्धाही होती, की कवित्व हा प्रसाद आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाचं काम सांगितलं, असं तुकोबाच अभंगात म्हणतात. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तरल्या, ही कथा घराघरात माहीत आहे. पण त्या वह्यांत तुकोबांनी एखादी ओळ खोडून पुन्हा लिहिली असेल का, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

केशवसुतांपाशी वेगळी हवा लागते. ते कवितेखाली ठिकाण आणि तारीख घालत. ‘तुतारी’खाली मुंबई, २८ मार्च १८९३ अशी नोंद आहे. एका माणसाने, एका गावात, एका दिवशी हे केलं, असं ती तारीख उघड सांगते. अखेरीस ते आपल्या शेजारी धारवाडला शाळेत मराठी शिकवत होते. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले. हयातीत एकही संग्रह निघाला नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी पुढे त्यांची कविता पुस्तकरूपाने आणली. म्हणजे मागे राहिलेल्या कागदांवर केवढं अवलंबून होतं!

बेळगावात कवितेचं नाव निघालं की इंदिरा संत आठवतातच. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले आणि ‘शेला’ हा त्यांचा कवितासंग्रह आला १९५१ साली. मधल्या पाच वर्षांत किती ओळी लिहिल्या गेल्या, किती खोडल्या गेल्या, याची खूण छापील पानावर उरत नाही. छपाईचा तो स्वभावच आहे.

त्याच १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. कचेरीतली मराठी आटत गेली, घरच्या वहीतली टिकली. पुढे कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी स्वतःची संमेलनं उभी केली. तिथे कविसंमेलनाला माणसं दाटीवाटीने बसतात. सीमाप्रश्नावरच्या कवितेला टाळ्या ठरलेल्या. त्यामुळे इथल्या कवीपुढे एक मोह कायम उभा असतो.

तो मोह एका कवीने कसा ओलांडला, हे मी खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या वहीत पाहिलं. साधी शाळेची वही. मागच्या पानांवर दुधाचा हिशेब, उताऱ्यावरून कन्नडमध्ये टिपलेले सर्व्हे नंबर. मधे एक कविता. पहिली दोन कडवी घोषणांची. समासात पेन्सिलीने मात्रा मोजलेल्या: १६, १६, १५, १६. कमी पडलेली मात्रा भरायला एक ‘च’ घुसडलेला, मग तोही खोडलेला. पुढच्या पानावर शाई बदलते. आई चिखलात रोप लावते आहे आणि प्रत्येक ओळीला एकेक पाऊल मागे सरकते आहे. यानंतर कधीतरी त्या दोन्ही कडव्यांवर तिरपी रेघ ओढली गेली आणि बाणाची खूण करून आई वर नेली गेली. पक्क्या वहीत सीमाप्रश्नाचा उल्लेखही नाही. आहे ती स्वतःच्याच शेतात मागे मागे सरकणारी बाई. माझ्या मते त्या घोषणा लिहून झाल्या नसत्या, तर गुरुजी तिच्यापर्यंत पोचलेच नसते.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. गावोगावीही वाचनालयं आहेत. छापील संग्रह तिथे सांभाळले जातात. एक कपाट कच्च्या वह्यांसाठीही हवं, आणि लवकर हवं. खानापूरकडच्या पावसात बंद ट्रंकेला ओल धरते, वाळवी लागते, आणि कवी गेल्यावर घर आवरणाऱ्यांच्या हाती आधी पक्की वहीच लागते.