भिंतीतली केबल नेमकं काय करते?

केबल टाकायला घेतली की हमखास विचारणा होते, "वाय-फाय असताना तार कशाला?" पण वाय-फाय देणारा डबाही शेवटी तारेलाच जोडलेला असतो!

गंमत अशी की तारेच्या या नेटवर्कची, म्हणजे इथरनेटची, कल्पना रेडिओवरून सुचली. हवाई बेटांवरचे संगणक १९७१ मध्ये अलोहानेट नावाच्या नेटवर्कने रेडिओलहरींवर जोडले होते. ते पाहून १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभं केलं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. सगळे संगणक एकाच केबलला जोडलेले, त्यामुळे आधी ऐकायचं, शांतता असेल तरच बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेगवेगळ्या वेळाने पुन्हा बोलायचं.

आता मध्ये स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात तो डबा, असतो, त्यामुळे ही टक्कर उरलेली नाही. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. कोणत्या पोर्टवर (केबल खोचायच्या जागेवर) कोण आहे, हे स्विच येणारी पाकिटं वाचून स्वतःच शिकतो. पत्ता अनोळखी असला तर मात्र पाकीट सगळीकडे पाठवतो.

खरी करामत तारेच्या पिळात आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा पीळ कमीजास्त. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो. समोरचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट वजा होतो. म्हणूनच कनेक्टर बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. तारांच्या जोड्या चुकवल्या तर केबल तपासायचा साधा टेस्टर आठही दिवे लावून "ठीक" म्हणतो आणि नेटवर्क मात्र रडत राहतं. अशी कामं आम्ही बरीच निस्तरली आहेत.

तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आम्ही वापरत नाही, स्वस्त असली तरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, पॅच कॉर्ड (भिंतीपासून यंत्रापर्यंतची छोटी केबल) धरून, १०० मीटरच्या आत ठेवतो.

संगणकावर लिंकचा वेग सेकंदाला १००० मेगाबिटऐवजी १०० दिसला, तर लगेच राउटर बदलायला जाऊ नका. १००० ला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे बहुधा एखादी तार सुटली आहे. आधी पॅच कॉर्ड बदलून पाहा. तरी १०० च दिसलं तर आम्हाला बोलवा.