हॅकिंटॉश नेटबुक

ॲपलने न बनवलेल्या संगणकावर ॲपलची मॅक ओएस एक्स ही संगणक चालवणारी प्रणाली चालवली, तर त्या संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. २००८ ते २०११ या काळात हा प्रयोग नेटबुक या छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर फार झाला, आणि त्यात डेल कंपनीच्या इन्स्पिरॉन मिनी ९ या यंत्राचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. या यंत्रासाठी मॅक ओएस एक्स कधी बनलीच नव्हती. तरीही नीट बसवल्यावर ध्वनी, वायफाय, कॅमेरा आणि झाकण मिटताच झोपी जाणे हे सगळे त्यावर चालत असे.

नेटबुकची लाट तैवानच्या आसुस कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये आणलेल्या ई पीसी ७०१ पासून सुरू झाली. सात इंची पडदा, ४ जीबीची सॉलिड स्टेट डिस्क आणि लिनक्स, असा तिचा साधा थाट होता. पुढच्या वर्षी इंटेलने खास अशा यंत्रांसाठी ॲटम एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा, जेमतेम २.५ वॅटचा प्रोसेसर काढला आणि झाडून सगळ्या कंपन्या या बाजारात उतरल्या. ॲपल उतरली नाही. स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये सांगून टाकले, की पाचशे डॉलरांत चांगला संगणक कसा बनवायचा हे आम्हाला ठाऊक नाही. ज्यांना मॅक हवा होता पण एक किलोचा आणि खिशाला परवडणारा हवा होता, त्यांच्यासाठी बाजारात काहीच नव्हते. ती उणीव हौशी लोकांनी आपल्या हाताने भरून काढली.

हे शक्य झाले त्याचे मूळ २००५ मध्ये आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये ॲपलने पॉवरपीसी हे आधीचे प्रोसेसर सोडून इंटेलचे प्रोसेसर घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. तेव्हापासून मॅक आणि साधा पीसी यांचे अंतरंग बरेचसे एकच झाले. शिवाय मॅक ओएस एक्सचा गाभा, म्हणजे एक्सएनयू हा कर्नल, मुक्तस्रोत आहे. तो वाचता येतो, बदलता येतो, पुन्हा बांधता येतो. पुढे ही गोष्ट फार मोलाची ठरली.

मिनी ९ सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. ८.९ इंची, १०२४ बाय ६०० पिक्सेलचा पडदा, ॲटम एन२७०, लिनक्सचा उबंटू हा प्रकार किंवा विंडोज एक्सपी, आणि आत एकही पंखा नाही. त्यातली इंटेल जीएमए ९५० ही ग्राफिक्स चिप २००६ च्या मॅकबुकमध्ये होती त्याच घराण्यातली. फरक होता तो ओळख क्रमांकाचा. मॅकबुकमधली चिप स्वतःला २७ए२ म्हणवून घेई, नेटबुकमधली २७एई. ॲपलच्याच ड्रायव्हरच्या, म्हणजे चिपला प्रणालीशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत हा दुसरा क्रमांक घातला, की पडदा पूर्ण वेगाने चालू लागे. वायफाय कार्ड ब्रॉडकॉमचे होते आणि ॲपलही त्याच कंपनीची कार्डे वापरत असल्याने प्रणालीला ते परके वाटत नसे.

सगळी नेटबुके अशी नशीबवान नव्हती. एमएसआय कंपनीच्या विंड या नेटबुकची जुळणी जवळपास हीच, पण तिच्या वायफाय कार्डाला सुरुवातीला मॅकचा ड्रायव्हरच नव्हता, म्हणून लोक ते कार्ड काढून दुसरे बसवत. डेलच्याच मिनी १० मध्ये जीएमए ५०० ही चिप होती. नावावरून ती ९५० ची भावंड वाटते, प्रत्यक्षात तिची रचना पॉवरव्हीआर या वेगळ्याच घराण्याची, आणि तिच्यासाठी मॅकचा ड्रायव्हर नाही. नावात एका अक्षराचाच फरक असलेला मिनी १०व्ही मात्र जुन्याच जुळणीचा, त्यामुळे तो उत्तम चालला. दुकानात यंत्र घेताना हा एवढासा फरक नजरेतून सुटला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाई.

यंत्राचे भाग ओळखीचे असले तरी वाटेत तीन अडथळे होते. पहिला सुरुवातीचाच. संगणक चालू होताच प्रणालीला जागे करणारी व्यवस्था त्या काळच्या मॅकमध्ये ईएफआय ही होती आणि नेटबुकमध्ये जुने बायॉस असे. ॲपलने स्वतःच मुक्त केलेल्या डार्विन बूटलोडरच्या, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, १३२ क्रमांकाच्या आवृत्तीवर काम करून हौशी प्रोग्रॅमरांनी ईएफआयचे सोंग घेणारा बूटलोडर तयार केला. त्यातूनच पुढे कॅमेलिऑन आला. दुसरा अडथळा कुलपाचा. फायली दाखवणारा फाइंडर आणि प्रोग्रॅमांची पट्टी असलेला डॉक यांसारखे प्रोग्रॅम ॲपलने सांकेतिक रूपात ठेवले होते आणि त्यांची किल्ली मॅकमधल्या एसएमसी चिपकडे असे. कुलूप उघडणाऱ्या भागाचे नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असे होते. हौशी लोकांनी या चिपची नक्कल करणारे ड्रायव्हर लिहिले. त्यांतला फेकएसएमसी सर्वाधिक रुळला. तिसरा अडथळा डीएसडीटी या तक्त्याचा. बॅटरी, झाकण, झोप आणि जागे होणे यांची माहिती बायॉस या तक्त्यातून प्रणालीला देते. डेलने हा तक्ता मॅकसाठी लिहिलेला नव्हता, म्हणून तो काढून, दुरुस्त करून परत द्यावा लागे. झोपेतून न उठणाऱ्या यंत्रांचे दुखणे बहुधा याच तक्त्यात सापडे.

बसवण्याची पद्धत वर्षभरात खूप सोपी होत गेली. आरंभी इंटरनेटवर फिरणाऱ्या, कोणी कोणी बदल केलेल्या चोरट्या प्रती वापरल्या जात. त्यांत काय घातले आहे हे कळायला मार्ग नसे. विकत घेतलेल्या मूळ डीव्हीडीवरून बसवण्याची पद्धत आली, तेव्हाच हा प्रकार खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. मिनी ९ ला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून दुसऱ्या एखाद्या मॅकवर डीव्हीडीची प्रत आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवायची आणि नेटबुक बूटमेकर हा प्रोग्रॅम चालवून तो पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा करायचा. त्यावरून नेटबुक सुरू करून डिस्क मॅकच्या जीयूआयडी या पद्धतीने विभागायची आणि प्रणाली बसवायची. शेवटी नेटबुक इन्स्टॉलर कॅमेलिऑन, लागणारे ड्रायव्हर आणि त्याच यंत्रावरून काढून सुधारलेली डीएसडीटी जागच्या जागी ठेवून देई. हे सारे ‘एक्स्ट्रा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राही आणि ॲपलच्या मूळ फायलींना शक्य तितका हात लागत नसे. ही शिस्त महत्त्वाची होती. पुढे ॲपलचे अपडेट आले, तरी वेगळे ठेवलेले सामान पुसले जात नसे.

जागेचा प्रश्न मात्र कायम छळे. लेपर्ड या आवृत्तीला ॲपल ९ जीबी मोकळी जागा मागे, आणि अनेकांच्या मिनीत डिस्कच ८ जीबीची. मग प्रिंटरचे ड्रायव्हर गाळायचे आणि परदेशी भाषांच्या फायली काढून टाकायच्या. मराठी माणसाला त्यात गमावण्यासारखे काही नव्हते, कारण प्रणालीच्या मेनूंत मराठी नव्हतीच. मात्र देवनागरीचा फाँट आणि कीबोर्ड वेगळे असत, ते जपून ठेवायचे. स्नो लेपर्ड या पुढच्या आवृत्तीने ही गरज ५ जीबीवर आणली, तेव्हा लहान डिस्कवाल्यांना हायसे वाटले. मेमरी वाढवणे त्या मानाने किरकोळ काम होते. तळाचे झाकण उघडून २ जीबीची पट्टी बसवली की झाले.

पडद्याची उंची ६०० पिक्सेल, आणि मॅकच्या काही खिडक्या त्याहून उंच. ‘ओके’चे बटण पडद्याखाली दडून बसे आणि खिडकी वर सरकवायलाही जागा नसे. टर्मिनलमधून एक आज्ञा देऊन खिडक्यांचा आकार थोडा कमी करता येई. बायॉसमधली यूएसबी लेगसी सेटिंग चालू राहिली, तर यंत्र नीट झोपत नसे. पेनड्राइव्हवरून सुरू करताना ती लागे आणि नंतर आठवणीने बंद करावी लागे. कीबोर्डचे दुखणे कुठल्याच सॉफ्टवेअरने बरे होणारे नव्हते. फंक्शन कळांची वेगळी ओळ नाही, अवतरणचिन्ह भलत्याच जागी, त्यामुळे बोटांना सवय लागायला दिवस जात.

कायद्याच्या बाजूने ॲपलचा करार स्पष्ट होता: प्रणाली ॲपलच्या नावाच्या संगणकावरच बसवावी. डीव्हीडी विकत घेतली तरी ही अट सुटत नसे. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने २००८ मध्ये मॅक ओएस एक्स बसवलेले पीसी विकायला काढले, तेव्हा ॲपलने दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला आणि कुलूप तोडणे हाही कायद्याचा भंग ठरवला. विक्री करणाऱ्या कंपनीवर खटला झाला, पण घरी स्वतःपुरते यंत्र तयार करणाऱ्याने करार मोडला हेही तितकेच खरे आहे, आणि ते लपवून या विषयाची नोंद करता येणार नाही.

ओहोटी लागली ती याच महिन्यात. ९ नोव्हेंबर २००९ ला स्नो लेपर्डचे १०.६.२ हे अपडेट आले आणि त्यातल्या कर्नलने ॲटम प्रोसेसरला ओळख देणे बंद केले. ज्यांनी घाईने अपडेट केले त्यांची नेटबुके सुरूच होईनात. कर्नलचा स्रोत मुक्त असल्याने काही लोकांनी ॲटमला पुन्हा आत घेणारा कर्नल बांधून दिला आणि वाट निघाली. पण त्यानंतर प्रत्येक अपडेटला आधी नवा कर्नल येण्याची वाट पाहणे नशिबी आले. अशा रीतीने मिनी ९ स्नो लेपर्डच्या शेवटच्या, म्हणजे १०.६.८ या टप्प्यापर्यंत पोहोचला. जुलै २०११ मध्ये आलेल्या लायन या पुढच्या आवृत्तीला ६४ बिटांचा प्रोसेसर लागे. एन२७० हा ३२ बिटांचा आहे, त्यामुळे तिथे कर्नल बदलूनही उपयोग नव्हता. तोवर ४९९ डॉलरांपासूनचा आयपॅड आणि अकरा इंची मॅकबुक एअर बाजारात येऊन स्थिरावले होते. जुन्या मिनींपैकी काही १०.६ वरच राहिले, तर काहींवर पुन्हा लिनक्स आले.