नोकरीत राहून शिक्षक-प्रशिक्षण

शाळेत प्रत्यक्ष काम करत असतानाच अध्यापनाची व्यावसायिक अर्हता मिळवण्याची पद्धत. नेहमीच्या क्रमात आधी अध्यापक महाविद्यालय, मग नेमणूक. इथे नेमणूक आणि प्रशिक्षण एकाच वेळी चालतात. उमेदवार पगार किंवा मानधन घेतो, त्याच्या नावावर वर्ग असतो, आणि त्याच काळात तो सिद्धान्त शिकतो, पाठ देतो, तपासून घेतो. पात्र शिक्षकांसाठी वेळोवेळी होणारी सेवांतर्गत प्रशिक्षणे वेगळी, कारण त्यांतून पहिली अर्हता मिळत नाही. बी.एड.मधली आंतरवासिताही वेगळी. तिथे विद्यार्थी-शिक्षक काही आठवड्यांपुरता पाहुणा असतो. वर्गाची शेवटची जबाबदारी त्याच्यावर नसते.

या मार्गाने येणारे बहुधा मधल्या वयाचे असतात: दुसरा व्यवसाय सोडून आलेले, शाळेत मदतनीस म्हणून वर्षे काढलेले, किंवा पदवीच्या बळावर शिकवू लागलेले पण अर्हता राहून गेलेले. घर चालवायचे असल्याने पगार थांबवून पूर्णवेळ शिकणे त्यांना परवडत नाही. अशी माणसे शिक्षकी पेशात येणे मोलाचे आहे, आणि त्यासाठी हा मार्ग हवाच.

पण नुसते शिकवत राहिल्याने शिकवता येऊ लागते, ही समजूत चुकीची आहे. वर्षानुवर्षे तीच चूक पक्की होत जाऊ शकते. या पद्धतीचा प्राण म्हणजे मार्गदर्शक शिक्षक: तास पाहणारा आणि नंतर त्यावर बोलणारा अनुभवी सहकारी.

समजा, नवी शिक्षिका अपूर्णांकांची बेरीज शिकवते आहे. फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून ती विचारते, ‘समजलं ना?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि ती पुढे जाते. मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक बाईंना मात्र शेजारच्या मुलाची वही दिसते: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. फळ्याजवळून ही वही दिसणे शक्यच नव्हते. तास संपल्यावर ‘सगळ्या मुलांकडे लक्ष द्या’ असे मोघम सांगून भागत नाही. बाई ती वही समोर ठेवतात आणि विचारतात, ‘हे तुम्हाला तासातच कळायला हवं होतं, तर काय केलं असतं?’ दुसऱ्या दिवशी ‘समजलं ना’ हा प्रश्न येत नाही. त्याऐवजी एक उदाहरण दिले जाते आणि सगळी मुले पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरतात.

अशा कितीतरी गोष्टी शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेत येत नाहीत. अमेरिकी संशोधिका मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातल्या संवादांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प राहणारी मुले कमी होतात. हा सेकंद मोजायला दुसरे कुणीतरी वर्गात असावे लागते.

म्हणूनच वेळापत्रक हा इथे कळीचा मुद्दा आहे. पाठ टाचण, वह्यांची तपासणी, पालकांशी बोलणे आणि वर स्वतःचे स्वाध्याय, असा दुहेरी भार उमेदवारावर असतो. चांगल्या योजनेत त्याला सुरुवातीला कमी तास दिले जातात, आठवड्यातला ठरावीक वेळ अभ्यासासाठी राखला जातो आणि मार्गदर्शकाशी बोलण्याचा तास वेळापत्रकात छापलेला असतो. छापलेला असूनही तो टिकतोच असे नाही. कुणी रजेवर गेले की बदली तास नेमका याच मोकळ्या तासावर पडतो, आणि दोन-तीन महिन्यांत उमेदवार एकटा पडतो. शाळेने हा तास परीक्षेच्या तासाइतका पक्का मानला पाहिजे.

मुळात शिक्षक काम करता करताच घडत असत. महाविद्यालये नंतर आली. मद्रासमधील एगमोरच्या लष्करी अनाथालयाची जबाबदारी १७८९ मध्ये अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. स्थानिक शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली होती. ती रीत त्यांनी उचलली आणि थोडे पुढे गेलेल्या मुलांकडून मागच्या मुलांना शिकवून घेतले. याचा वृत्तान्त १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनीही तिथे अशीच शाळा सुरू केली. शिक्षक एक आणि मुले शेकडो, असा हिशेब असल्याने पद्धत झपाट्याने पसरली. पण शिकवणारी ही मुले पाठ केलेलेच पुढे देत होती.

ही उणीव ओळखून इंग्लंडमध्ये सरकारी शिक्षण समितीचे सचिव जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ‘प्युपिल टीचर’ म्हणजे छात्र-शिक्षक योजना आली. वयाच्या तेराव्या वर्षापासून पाच वर्षांची उमेदवारी. पहिल्या वर्षी १० पौंड विद्यावेतन, पाचव्या वर्षी २०. दिवसभर वर्ग सांभाळायचा आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकाकडून रोज दीड तास शिकायचे. दरवर्षी सरकारी निरीक्षक परीक्षा घेत. त्या दीड तासासाठी मुख्याध्यापकाला वेगळे पैसे मिळत, ही या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. मार्गदर्शन हे मेहनतीचे काम आहे, हे तिने मान्य केले होते. तरीही तेरा वर्षांच्या मुलावर हा भार फारच होता. पुढे छात्र-शिक्षकांसाठी वेगळी केंद्रे निघाली, प्रवेशाचे वय वाढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योजना मागे पडली. भारतासाठीही १८५४च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे कंपनी सरकारला लंडनहून आलेल्या शिक्षणविषयक धोरणपत्रात, प्रशिक्षण शाळांबरोबर याच पद्धतीची शिफारस होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग पदवीधरांसाठी पुन्हा उघडला. अमेरिकेत १९९० मध्ये ‘टीच फॉर अमेरिका’ने निवडक पदवीधरांना काही आठवड्यांच्या उन्हाळी तयारीवर दोन वर्षांसाठी वर्गात पाठवायला सुरुवात केली. इतक्या अल्प तयारीबद्दल आणि दोन वर्षांनी अनेक जण निघून जातात याबद्दल तिच्यावर टीका होत आली आहे. गरीब वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला दर खेपेला नवखा शिक्षक का, हा प्रश्न रास्त आहे. २००९ मध्ये मुंबई आणि पुण्यात सुरू झालेली ‘टीच फॉर इंडिया’ याच धाटणीची आहे, मात्र तिच्या फेलोशिपमधून शिक्षकाची अर्हता मिळत नाही. इंग्लंडमध्ये पगारी प्रशिक्षणाच्या योजना अधिक बांधीव आहेत. २०१८ पासून पदव्युत्तर उमेदवारीचाही मार्ग आहे. तिथे उमेदवाराला किमान दोन शाळांत शिकवावे लागते, म्हणजे एकाच शाळेची रीत तीच शिकवण्याची रीत असे त्याला वाटत नाही.

भारतात हा विषय कायद्यामुळे ऐरणीवर आला. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने अर्हता नसलेल्या कार्यरत शिक्षकांना ती मिळवण्यासाठी पाच वर्षे दिली. तेवढ्यात काम झाले नाही, म्हणून २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ ही नवी मुदत घातली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी १८ महिन्यांची डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका चालवली. पाठ ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आणि दूरचित्रवाणीवर मिळत, आणि नोंदणी बारा लाखांच्या वर गेली. मजकूर घरोघरी पोचवणे तंत्रज्ञानाने साधले. पण इतक्या जणांच्या मागच्या बाकावर बसणारी अनुभवी माणसे त्याने उभी राहत नाहीत. पुढे या पदविकेच्या बळावर नव्या भरतीसाठी अर्ज आले, तेव्हा ती दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या तोडीची आहे का, असा वाद न्यायालयात गेला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी समकक्षता नाकारली. ही सवलत आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांची नोकरी टिकावी यासाठी होती, असा त्याचा रोख होता.