प्रेअरीतले ओढे आणि नकाशावरची निळी रेघ: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या डाकोटा, नेब्रास्काकडच्या प्रेअरीत (गवताळ सपाट प्रदेशात) कोणता ओढा कायम वाहणारा धरायचा यावरून चाललेले वाद कळायला जरा मागे जावं लागतं. १७८५ च्या जमीनमोजणीच्या कायद्यानंतर जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन पडत गेले. सर्वेअर साखळी घेऊन चौकोनाच्या कडेनेच चालायचे, ओढा जिथे आडवा येईल तिथे नोंद करायची, आतमध्ये तो कसा वळतो ते बरंचसं अंदाजाने जोडलेलं. जमीन विकायला तेवढं पुरायचं.

टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार आणि ओढे-नाले दाखवणारे सरकारी नकाशे, १८८० च्या दशकात निघू लागल्या, पण विरळ वस्तीचा नंबर उशिरा लागला. १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांची मालिका विमानातून काढलेल्या फोटोंवरून बनत बनत १९९२ ला कुठे पूर्ण झाली.

खरा घोळ या मालिकेतल्या रेघेचा आहे. वर्षभर पाणी असेल तर सलग निळी रेघ, वर्षातले काही महिनेच असेल तर तुटक. वाचायला सोपं, पण प्रेअरीतला ओढा एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर दुथडी वाहतो आणि ऑगस्टमध्ये त्यात नुसती डबकी उरतात, मग फोटो कधीचा, तपासायला आलेला माणूस कोणत्या महिन्यात आला, त्याआधीची दोन वर्षं दुष्काळी होती का, यावर रेघ ठरायची. ओढा सुरू कुठून होतो हे तर त्याहून मोघम. एका नावाजलेल्या जलशास्त्रज्ञाने यासाठी मोजमापाचे निकष सुचवले होते, नकाशावाल्यांनी ते घेतले नाहीत, आणि मग त्याने वैतागून लिहून ठेवलं की या रेघा काढणाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीवर चालतात. मला तरी त्याचंच बरोबर वाटतं.

हे सगळं कागदावर होतं तोवर कुणाला फरक पडत नव्हता. पण त्याच रेघा डिजिटल डेटात जशाच्या तशा गेल्या, आणि सुप्रीम कोर्टाच्या २००६ व २०२३ च्या निकालांनी अमेरिकेचा केंद्रीय जलप्रदूषण कायदा 'बऱ्यापैकी कायम' वाहणाऱ्या पाण्यापुरता आवळत आणला. म्हणजे कधीकाळी कुणीतरी नजरेने ठरवलेली तुटक रेघ आता पुराव्यासारखी पुढे केली जाते!

आता लायडार (विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजायचं तंत्र) आलंय, उंची अगदी बारीक मिळते. पण इथे जवळपास दर मैलाला रस्त्याचा भराव, त्याखालची मोरी वरून दिसत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरला प्रत्येक रस्ता धरणच वाटतो आणि ओढा तिथेच अडतो. मग कुणीतरी बसून मोऱ्या शोधून डेटात भराव कापायचे. आणि एवढं करूनही पाणी किती महिने टिकतं ते लायडारला कळत नाहीच, त्यासाठी वर्षभर प्रवाह मोजणारी गेज लागतात आणि लहान ओढ्यांवर ती बहुतेक नसतातच.