लिपिड प्रोफाइलमध्ये न दिसणारा आकडा

ठाण्यात उपवन तलावाला सकाळच्या फेऱ्या मारून झाल्या की मंडळी रसवाल्यापाशी थांबतात. दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. 'ब्लॉकेज साफ होतात' असं रसवाला सांगत नाही, पण पिणाऱ्यांना ते पाठ असतं. हल्ली या घोळक्यात पस्तिशीतलेही दिसतात. कुणी धडधाकट माणूस जिममध्ये कोसळल्याचं कळलं की सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात: लसूण-आलं-लिंबाचा काढा आणि फुल बॉडी चेकअपचं पॅकेज. पॅकेज करून घेतलं, सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात आले, की माणूस वर्षभर निर्धास्त.

भीती अगदीच निराधार नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मध्यक वय ५३ निघालं; इतरत्र ते ५९च्या आसपास होतं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांवर इथे जागा घालवत नाही. मला बोलायचंय ते पॅकेजमध्ये बहुधा नसलेल्या आकड्याबद्दल. त्याचं नाव लायपोप्रोटीन-ए, थोडक्यात एलपी-ए: रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण.

नॉर्वेच्या कारे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. आपल्या ओळखीचा एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा कण घ्या: आत कोलेस्टेरॉल, भोवती अपो-बी नावाचं प्रथिन. या अपो-बीला गंधकाच्या एका बंधाने आणखी एक प्रथिन जोडलं की झाला एलपी-ए. या जास्तीच्या शेपटीला अपो-ए म्हणू (चांगल्या कोलेस्टेरॉलमधलं अपो-ए वेगळं, त्याचा इथे संबंध नाही). १९८७ मध्ये तिची रचना उलगडली तेव्हा गंमत कळली. रक्ताच्या गाठी विरघळवणारं प्लास्मिनोजेन आणि ही शेपटी जवळची भावंडं निघाली! दोन्हींत क्रिंगल नावाचे वेटोळे असतात. पण गाठ विरघळवण्याचं काम अपो-एला जमत नाही.

या वेटोळ्यांपैकी एक प्रकार जनुकात पुन्हा पुन्हा येतो, कुणात दोन-चारदा, कुणात चाळीस वेळा. लोकलला जसे कमी-जास्त डबे, तशी कुणाची शेपटी आखूड, कुणाची लांबलचक. आता यकृताची पेशी म्हणजे कळव्याची कारशेड समजा. लांब गाडी जुळवायला वेळ लागतो, तपासणीत खोट निघते आणि बऱ्याच गाड्या आतच मोडीत निघतात. आखूड गाड्या मात्र भराभर बाहेर पडतात. म्हणून साधारणपणे शेपटी जितकी आखूड, तितके रक्तात कण जास्त. या जनुकाची आईकडून एक प्रत मिळते, वडिलांकडून एक. आकडा मुख्यतः आखूड प्रत ठरवते. पातळीतला ७० ते ९० टक्के फरक हा असा जन्मजात असतो.

हे कण धमनीच्या अस्तरात शिरतात आणि सोबत ऑक्सिडीकरण झालेले फॉस्फोलिपिड (एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ) नेतात. त्यातून दाह होतो, थर साचतो, हृदयाच्या महाधमनी झडपेवर कॅल्शियमही बसतं. प्लास्मिनोजेनची जागा अडवून एलपी-ए गाठी विरघळू देत नाही, ही कल्पना मोहक आहे. परीक्षानळीत ते दिसतंही. शरीरातला पुरावा मात्र तितका पक्का नाही.

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हे कळत का नाही? एलपी-एमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलच्याच आकड्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे 'एलडीएल ११०' असलेल्या दोन माणसांचं रक्त सारखंच असेल असं नाही. शेपट्या लहान-मोठ्या असल्याने वजनापेक्षा कणांची संख्या मोजणं बरं, म्हणून नॅनोमोल प्रतिलिटर हे एकक पसंत करतात. १२५ नॅनोमोल प्रतिलिटर किंवा वजनात ५० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या वर गेलं तर धोका वाढलेला समजतात. या दोन एककांची अदलाबदल साध्या गुणाकाराने होत नाही, तेव्हा रिपोर्टवर एकक आधी बघा. ब्रिटनच्या बायोबँकेत (लाखो लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यात) गोऱ्या लोकांचं मध्यक १९ नॅनोमोल होतं, दक्षिण आशियाई लोकांचं ३१.

दुधीच्या रसाने यात काडीचा फरक पडत नाही. उलट दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस थेट आयसीयूत जातो. कडू लागला तर 'औषध आहे' म्हणून गिळू नका, ओतून द्या.

पण आहार आणि व्यायामानेही हा आकडा फारसा हलत नाही, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही नाही. पेलाकार्सेन या औषधाने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पातळीत ८० टक्क्यांपर्यंत घट केली. तरी आकडा उतरला म्हणून अटॅक टळले असं होत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं. तोवर डॉक्टरांच्या हाती उरतं ते बाकीचं: एलडीएल आणखी खाली आणायचं, बीपी आवरायचं, सिगारेट-तंबाखू बंद. जन्मजात धोका असलेल्याला हे तिशीत कळलं तर हाताशी वीस-पंचवीस वर्षं असतात.

घरात कुणाला लवकर अटॅक आला असेल तर ही तपासणी वेगळी सांगून करून घ्या. बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते. आकडा जास्त आला तर भावंडांची आणि मुलांचीही करा, कारण ती आखूड प्रत प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आणि त्यासाठी उपाशीपोटी जायची गरज नाही, चहा घेऊन गेलात तरी चालतं.