नक्कल फारच हुबेहूब निघते तेव्हा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणून जास्त क्षमतेची हार्ड डिस्क आणली. जुन्या डिस्कवरचं सगळं सिलेक्ट केलं, कॉपी केलं, नवीवर पेस्ट केलं. फोटो आले, कागदपत्रं आली, गाणी आली. मग जुनी काढून नवी बसवली, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एकच तक्रार आली: सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. सगळं तर आणलं होतं, मग राहिलं काय?

जे राहिलं ते फाइलींच्या यादीत कधी नव्हतंच. डिस्कला फाइल आणि फोल्डर ही भानगड ठाऊक नसते. तिच्या लेखी असतात फक्त क्रमांक घातलेले कप्पे, म्हणजे सेक्टर. एका सेक्टरात पूर्वापार ५१२ बाइट मावतात. त्या मापाने १ टीबीच्या डिस्कवर सुमारे १९५ कोटी सेक्टर होतात. कोणत्या कप्प्यांत कोणता फोटो आहे याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. आणि डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठपर्यंत आहेत याचा तक्ता अगदी पहिल्या काही सेक्टरांत असतो. तो कुठल्याच फोल्डरात दिसत नाही. हल्लीच्या संगणकांत शिवाय एक चिमुकलं पार्टिशन असतं. विंडोज त्याला बहुधा १०० एमबी जागा देते, पण सी-डीसारखं अक्षर देत नाही. संगणक सुरू करून देणारा प्रोग्रॅम राहतो तिथे. कॉपी-पेस्टचा हात तिथवर पोचतच नाही.

म्हणून क्लोन करायचा. पहिला सेक्टर वाचायचा, नव्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरावर लिहायचा, मग दुसरा, मग तिसरा. आत काय लिहिलंय हे समजून घ्यायची गरजच नाही. युनिक्सच्या जगात हे काम करणारी ‘डीडी’ नावाची जुनी आज्ञा आहे. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं, एवढंच तिला सांगावं लागतं. ही दोन नावं उलटी पडली की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, तेही काही न विचारता. जाणकार थट्टेने डीडीचं पूर्ण रूप ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ सांगतात ते उगाच नाही.

रिकामी जागासुद्धा उतरवायची म्हणजे वेळ फुकट जाणार, असं वाटतं. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर अनेकदा उलटंच होतं. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा. फाइली एकेक करून कॉपी करताना एका छोट्या फाइलसाठी अशी १० मिलिसेकंदांची एकच खेप धरली, तरी ३ लाख फाइलींचे ५० मिनिटं नुसते शोधण्यात जातात, आणि प्रत्यक्षात एका खेपेत काम भागत नाही. क्लोन मात्र ओळीने वाचत जातो. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ५०० जीबी दीड तासाच्या आत उरकतात. जुन्या यूएसबी २.० मधून तेच काम करायला चारेक तास काढून ठेवा.

खरी गंमत पुढे आहे. नक्कल इतकी इमानी असते की नवी डिस्क स्वतःला जुनीच समजते. १ टीबीच्या डिस्कवर ५०० जीबीचा क्लोन उतरवला, की तक्त्यात ५०० जीबीच लिहिलेले असतात आणि उरलेली जागा बेवारस पडून राहते. ती सी ड्राइव्हला जोडायला जावं तर मध्ये विंडोजचं दुरुस्तीचं पार्टिशन आडवं येतं. विंडोजचं स्वतःचं साधन फक्त लगतच्या जागेत वाढू देतं, म्हणून आधी ते पार्टिशन डिस्कच्या शेवटाकडे सरकवावं लागतं. जीपीटी नावाच्या आजच्या तक्त्याची एक राखीव प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. क्लोननंतर तीही जुन्याच क्रमांकावर, म्हणजे मोठ्या डिस्कच्या मधोमध अडकते. क्लोन करणारे चांगले प्रोग्रॅम ती शेवटाला नेऊन ठेवतात, डीडी नेत नाही.

तक्ता एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीचा असेल तर आणखी पंचाईत. ही पद्धत १९८३ ची, पर्सनल संगणकात १० एमबीची डिस्क असायची तेव्हाची. सेक्टरचा क्रमांक लिहायला तिने ३२ बिट राखले. ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी ते २.२ टीबीवर संपतात. ४ टीबीच्या डिस्कवर असा तक्ता उतरवला की त्यापुढच्या जागेवर पार्टिशन बांधता येत नाही. जागा हवी तर तक्ता जीपीटीत बदलावा लागतो.

ओळखही दोघींची एकच होते. प्रत्येक डिस्कवर तिचा असा ओळखक्रमांक लिहिलेला असतो, तोही नक्कल होतो. दोन्ही डिस्क जोडून संगणक सुरू केला की विंडोज गोंधळते आणि एकीला ऑफलाइन, म्हणजे वापराबाहेर ठेवते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढूनच ठेवावी.

जुनी डिस्क आधीच कुरकुरत असेल तर साधा क्लोन पहिल्या खराब सेक्टरापाशी अडून बसतो. ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम अशा वेळी शहाणपणाने वागतो: आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतो, हट्टी सेक्टरांकडे नंतर परततो. मरू घातलेल्या डिस्ककडे एकाच जागेची शंभरदा विचारणा करण्यापेक्षा हे बरं.

आणि एक. फाइल डिलीट करून कचरापेटी रिकामी केली तरी बहुधा फक्त हिशेबातली नोंद जाते, सेक्टरातला मजकूर तसाच पडून राहतो. त्यामुळे सगळे सेक्टर उतरवणारा क्लोन तुम्ही पुसलेलंही नव्या डिस्कवर घेऊन येतो. वापरातलेच सेक्टर घेणारे प्रोग्रॅम ते मागे सोडतात, पण जुन्या डिस्कवर ते असतंच. नवी डिस्क काही आठवडे बिनतक्रार चालली, की तबकडीची जुनी डिस्क कोणाला देण्याआधी तिच्या प्रत्येक सेक्टरावर शून्य लिहून काढावं. त्या कामालाही डीडी चालते. नाव मात्र या वेळी तीनदा वाचावं.